जिवाला जीव? अपघाती मृत्यू, आश्रयनगरे आणि बोरघाटातले काही गैरसमज

खोपोली ओलांडून घाटाला लागल्यावर अपघात झाला की रस्त्याकडेच्या गर्दीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'ठोकणाऱ्याला इथेच संपवला पाहिजे' हे पहिले. 'त्याने काय मुद्दाम केलंय? वेळ आली होती' हे दुसरे. दोन्ही बाजूंना आपल्या म्हणण्यामागे जुन्या काळाचा, धर्माचा, रीतीचा आधार आहे असे वाटते. अजाणतेपणी जीव गेला तर मारणाऱ्याचे काय करायचे, या प्रश्नावर सविस्तर विचार करणाऱ्या जुन्या कायद्यांत प्राचीन इस्राएलांचा कायदा ठळक आहे. निर्गम, गणना, अनुवाद आणि यहोशवा या ग्रंथांत तो विखुरलेला आहे. त्याच्याबद्दल जितके गैरसमज आहेत, जवळपास तितकेच कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर आज लागू असलेल्या कायद्याबद्दलही आहेत. दोन्ही एकत्र तपासले तर बरेच धुके निवळते.

गैरसमज : हा परमुलखातला कायदा आहे, रायगडाशी त्याचा काय संबंध?

बायबल म्हटले की मिशनरी आणि मिशनरी म्हटले की इंग्रज, अशी साखळी मनात तयार असते. त्यामुळे हे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे धर्मशास्त्र मानणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे याच जिल्ह्याच्या नकाशातली आहेत. अलिबागचे सिनेगॉग १८४८ सालचे आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि घरातली मराठी सोबत घेऊन गेली. धर्मग्रंथाच्या वार्षिक वाचनक्रमात अजाणता मारणाऱ्याला आसरा देणाऱ्या आश्रयनगरांचा भाग ऐन पावसाळ्यात येतो. घाटात दरडी आणि अपघात वाढतात, नेमके तेच हे दिवस.

गैरसमज : जुन्या करारात एकच न्याय आहे, जिवाला जीव.

शब्द तिथे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'डोळ्याला डोळा'ही आहे, आणि तेवढेच लक्षात राहते. पण निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात माणसाला ठार मारणाऱ्यास देहदंड सांगितल्यावर लगेच पुढच्या वचनात अपवाद येतो: दबा धरून मारले नसेल, हातून तसे घडले असेल, तर त्याला पळून जाण्यासाठी जागा नेमून दिली जाईल. गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात हा फरक कसा ओळखायचा याच्या कसोट्याच दिल्या आहेत. हातात काय होते: लोखंड, दगड की लाकूड, आणि त्याने माणूस मरू शकतो का? आधीचे वैर होते का? टपून बसला होता का? की न पाहता दगड पडला आणि खाली कोणी होते? अनुवादात तर उदाहरणच दिले आहे. दोघे रानात लाकडे तोडायला गेले, घाव घालताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि सोबत्याला लागून तो मेला. अशाने जवळच्या नगरात पळून जावे आणि जगावे.

हेतू आणि कृती वेगळी करण्याचे श्रेय एकट्या इस्राएलांचे, असे मात्र म्हणता येत नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेतही मारामारीत अनवधानाने मृत्यू झाला तर मारणाऱ्याने तशी शपथ घ्यावी आणि चांदी भरावी असे कलम आहे. अथेन्समध्ये ड्रेकोच्या कायद्यात, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, अजाणता हत्येला हद्दपारी होती आणि मृताचे नातलग तिची माफी देऊ शकत. मनुस्मृतीतही जाणूनबुजून आणि नकळत घडलेल्या पापाचा भेद केला आहे. इस्राएली कायद्याचे वेगळेपण आहे ते त्याने उभ्या केलेल्या व्यवस्थेत.

गैरसमज : आश्रयनगर म्हणजे खुन्यांना मोकळे रान. आत शिरला की सुटला.

देवळात शिरलेल्याला हात लावायचा नाही, ही कल्पना अनेक संस्कृतींत आहे. चित्रपटांनी ती आणखी पक्की केली. म्हणून आश्रयनगराचाही अर्थ तसाच लावला जातो. प्रत्यक्षात सहा नगरे नेमलेली होती: यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन, पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. लेवी या धर्मसेवक वंशाच्या अठ्ठेचाळीस नगरांपैकी ही सहा. नगरे अशी विखुरलेली की देशाच्या कुठल्याही भागातून एखादे गाठता यावे. वाट तयार ठेवण्याची आज्ञा अनुवादात आहे. चौरस्त्यांवर दिशादर्शक खुणा लावत, असे तालमूद हा नंतरचा ज्यू धर्मशास्त्रग्रंथ सांगतो.

पळत आलेल्याने वेशीत उभे राहून वडीलधाऱ्यांना आपली हकीकत सांगायची, असे यहोशवाच्या विसाव्या अध्यायात आहे. त्यानंतर मंडळीसमोर सुनावणी. एका बाजूला मारणारा, दुसऱ्या बाजूला मृताचा सूड घेणारा आप्त, आणि निवाडा करणारे तिसरेच. एका साक्षीदाराच्या शब्दावर देहदंड देता येत नाही, हे गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात. खून ठरला तर नगराचे वडील त्याला सूड घेणाऱ्याच्या स्वाधीन करतात. अपघात ठरला तरच परत नगरात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात तर सुरुवातीला खुनी आणि अजाणता मारणारा दोघेही आश्रयनगरातच धावतात आणि न्यायसभा त्यांना तिथून बोलावून आणते, असे म्हटले आहे. सुनावणीला नेताना दोन विद्वान सोबत द्यायचे. वाटेत सूड घेणारा आडवा आला तर त्याच्याशी बोलणे हे त्यांचे काम. पोलीस बंदोबस्ताचे हे फार जुने रूप, फक्त दंडुक्याऐवजी शब्द.

वेदीला बिलगण्याचा उपायही खुन्याच्या कामाचा नव्हता. कपटाने मारणाऱ्याला वेदीवरूनही ओढून न्यावे, असे निर्गमात स्पष्ट आहे. दाविदाचा सेनापती यवाब अखेरीस वेदीची शिंगे धरून बसला आणि तिथेच मारला गेला. याच यवाबाची आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. आपल्या भावाला लढाईत ठार करणाऱ्या अबनेराला त्याने गाठले ते हेब्रोनच्या वेशीत, आणि बोलण्याच्या मिषाने बाजूला नेऊन भोसकले. हेब्रोन आश्रयनगरांच्या यादीत आहे. ग्रंथात कायदा लिहिला म्हणजे माणसांचा सूड थांबला, असे मानण्याइतके हे ग्रंथही भाबडे नाहीत.

गैरसमज : अपघात ठरला की माणूस निर्दोष. मग शिक्षा कसली?

'मुद्दाम केले नाही' यातून 'काहीच केले नाही' अशी उडी मनाने फार लवकर मारली जाते. इस्राएली कायदा ती मारू देत नाही. अपघाताने मारणाऱ्याचा जीव वाचतो, पण घर, शेत, गोतावळा सुटतो. नगराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले आणि सूड घेणाऱ्याने गाठले, तर त्याच्यावर रक्ताचा दोष नाही. हे किती वर्षे? तत्कालीन मुख्य याजक मरेपर्यंत. मुदत आकड्यात नाही, एका माणसाच्या आयुष्यात मोजलेली आहे. उद्याही संपेल, तीस वर्षेही चालेल.

ही अट विचित्र वाटते आणि तिच्यावर शतकानुशतके खल झाला आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने दिलेले कारण माणसाच्या स्वभावात सापडते: साऱ्या समाजाला प्रिय असलेला माणूस गेला की सगळ्यांच्याच दुःखात मृताच्या आप्ताचा राग निवतो. मिश्नातला तपशील तर जवळजवळ विनोदी आहे. मुख्य याजकांच्या आया या नगरांत राहणाऱ्यांना अन्नवस्त्र पुरवीत, म्हणजे आपला मुलगा लवकर मरावा अशी प्रार्थना या आश्रितांनी करू नये! आणखी एक तपशील आहे, तो मात्र गंभीर. आश्रयनगरातल्या लोकांनी अशा माणसाचा मान करायचे ठरवले, तर त्याने आधी सांगायचे: माझ्या हातून माणूस मेला आहे. एवढे ऐकूनही त्यांनी आग्रह धरला तर मान स्वीकारावा. दया आहे, पण झाले ते पुसून टाकण्याची सोय नाही.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेच्या ३०४ अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. 'असे केल्याने कोणी मरू शकतो' याची जाणीव असूनही केले, तर मामला निष्काळजीपणाच्या पलीकडे जातो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली पदपथावर झोपलेले सात जण मेले. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. दारू पिऊन घाट उतरणाऱ्याने 'अपघात' हा शब्द ढालीसारखा पुढे करण्यापूर्वी हा निकाल आठवावा.

गैरसमज : घाटात ब्रेक फेल झाला तर ते दैव. चालकाचा काय दोष?

जुन्या रस्त्याने जाणारे घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापुढे नाणे टाकतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे त्याच परिसरात खासगी बस दरीत कोसळून १३ जण गेले. अशा जागी दैवाचा विचार मनात येणे चुकीचे नाही. तीव्र उतार, वळणे, पावसाळ्यात धुके. इथे माणसाची सत्ता कमीच चालते असे वाटते.

पण उतारावर अवजड गाडी का सुटते, याचे कारण बहुतेक वेळा यंत्रात आणि सवयीत असते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबून ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. हे आधीच ठाऊक असते. म्हणूनच घाट खालच्या गियरमध्ये उतरायचा असतो. न्याय संहितेचे कलम १८ अपघाताला खरोखर संरक्षण देते, पण कृती कायदेशीर असली पाहिजे आणि योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. काळजी न घेता ते कलम लागू होत नाही.

मिश्नात हाच भेद थक्क करणाऱ्या नेमकेपणाने आला आहे. छतावर रूळ फिरवताना तो खाली घरंगळून माणूस मेला, किंवा पिंप खाली सोडताना पडले, तर आश्रयनगरात जावे. वर ओढताना दोर तुटून पडले तर नाही. मायमोनिडीज त्याचे कारण देतो: जड वस्तू खालीच येणार हे सर्वांना माहीत असते, तेव्हा खाली सोडताना खबरदारी घ्यायलाच हवी होती. बोरघाटात मालाने भरलेला ट्रेलर उतरवणाऱ्याला याहून स्पष्ट कोण सांगणार? अनुवादात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून मेला तर घरावर रक्ताचा दोष येऊ नये. निर्गमात मारक्या बैलाबद्दल आधी सूचना मिळूनही मालकाने त्याला बांधले नाही, तर दोष मालकाचा. गाडीच्या मालकाने ब्रेकचे काम पुढे ढकलले आणि चालकाला तसेच रात्री घाटात पाठवले, तर बोट एकट्या चालकाकडे दाखवणे अपुरे आहे.

रस्ताही दैवाच्या हवाली करायचा नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला होता. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते-सुरक्षा संस्था यांनी मिळून कठडे, खुणा, वेग आणि रुग्णवाहिका यांवर काम केले आणि पुढच्या वर्षांत मृत्यूंची संख्या उतरली. दैव असे कठडा बांधून कमी होत नाही.

गैरसमज : पैसे मोजले की प्रकरण मिटते.

हे खोटे आहे. गणनेत रक्ताच्या बदल्यात पैसा घेण्यास दोनदा मनाई आहे: खुन्याच्या जिवासाठी नाही, आणि अपघाताने मारणाऱ्याला मुदतीआधी घरी परतता यावे म्हणूनही नाही. हम्मुराबीच्या चांदीच्या तुलनेत हा कठोरपणा मुद्दाम केलेला दिसतो. चांदी असलेल्याला वेगळा कायदा आणि नसलेल्याला वेगळा, हे टळते. परका आणि उपरा यांनाही हीच नगरे खुली होती.

आज निष्काळजीपणाने मृत्यू हा आपसात तडजोड करून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. लोकांचा गोंधळ होतो तो नुकसानभरपाईमुळे. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून मिळते, बहुधा विमा कंपनी देते, आणि ती मृताच्या वारसांचा हक्क आहे. चालकाच्या सुटकेची किंमत नाही. दावा अपघात झाला तिथे किंवा वारस राहतात तिथेही दाखल करता येतो. ठोकणारे वाहन सापडलेच नाही तरी मृताच्या कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. गावच्या बैठकीत कागदावर अंगठा घेऊन किरकोळ रक्कम हाती ठेवणाऱ्या मध्यस्थाला हे नक्की माहीत असते. म्हणूनच तो घाई करतो.

गैरसमज : थांबलो तर जमाव मारेल. पळून जाणेच शहाणपणाचे.

या समजुतीला हसता येत नाही. चौकच्या नाक्यावर किंवा कर्जतकडच्या एखाद्या गावाशी मोटारसायकलवाला चिरडला गेला की गर्दी जमते, आणि त्या गर्दीत मृताचे सख्खे असतात. चालकाची भीती खरी असते. हजारो वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही नेमकी हीच भीती माहीत होती. सूड घेणाऱ्याचे मन तापलेले असताना त्याने वाट लांब आहे म्हणून गाठून मारू नये, असे कारण अनुवादात स्पष्ट सांगितले आहे.

गैरसमज 'पळणे' या शब्दाच्या पोटात आहे. पळून कुठे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल, तर सूट आहे. ही सूट कायद्यातच छापलेली आहे. मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, घटना कळवलीच पाहिजे. म्हणजे खोपोली, खालापूर किंवा कर्जतचे ठाणे गाठणारा चालक फरारी नसतो. तो कायद्याने दाखवलेल्या वाटेवर असतो. नंबरप्लेट काढून पनवेलच्या गर्दीत गुडूप होणारा त्या वाटेवर नसतो.

न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६ चे दुसरे पोटकलम मंजूर झाले, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला मालमोटार चालकांनी देशभर चक्का जाम केला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ती हे पोटकलम बाजूला ठेवून. 'पळालो तर दहा वर्षे' आणि 'पळालो तरी काही नाही' ही दोन्ही वाक्ये त्यामुळे चुकीची आहेत. आणि जमावाने चालकाला मारले, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. 'न्याय केला' असे म्हणून त्यातून सुटका होत नाही.

गैरसमज : मदत करायला गेलो की पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यात अडकतो.

एके काळी हे बऱ्याच अंशी खरे होते. जखमीला आणणाऱ्यालाच इस्पितळात नाव-पत्ता विचारून अडकवून ठेवत, पैसे भरायला सांगत. तो अनुभव एका पिढीने पुढच्या पिढीला सांगितला आणि आता कायदा बदलला तरी धसका तसाच आहे.

सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतल्या चुकीसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याने ठरवायचे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचारांची योजनाही आहे. त्यामुळे 'पैसे कोण भरणार' हा प्रश्न जखमीला आणणाऱ्याने सोडवायचा नाही.

घाटातून नेहमी जाणाऱ्यांनी दोन क्रमांक पाठ ठेवावेत: पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. रस्त्यावर कोणी पडलेले दिसले तर आधी फोन करा, मग त्याच्याजवळ थांबा. चालक घाबरून उभा असेल आणि गर्दी चढून येत असेल, तर मध्ये पडा आणि त्याला ठाण्यात पोहोचू द्या. दोष किती आणि कोणाचा, हे न्यायालय ठरवेल.